दोन्ही कान कातरलेली कोकरं

गिरजामाय पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आली ती खुर्चीकडं ढुंकूनही न बघता सरळ टेबलाच्या या बाजूला आली आणि तिनं माझा कान धरला. समोर दोन अशील बसलेले, त्यातला एक चांगला मिशीवाला, आणि मी हिंगोली कोर्टातली वकील, अंगात काळा कोट, कान दुसऱ्याच्या हातात. तिनं पाळी चाचपली, मागून बघितली आणि म्हणाली, "मास्तरचीच हाय ही. बराबर हाय का न्हाई? हाय."

प्रश्न तिचा आणि उत्तरही तिचंच. समोरच्यानं मध्ये तोंड घालायची सोयच नसायची.

कानाचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय ही बाई कळायची नाही. सांगूनही कळेलच असं नाही. मला अजून कळलेली नाही. गिरजामायचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. मेंढरांच्या तोंडाकडं बघून ओळख पटवायची तिला गरजच नसायची, ती कान बघायची. तीच सवय माणसांना. गर्दीत कुणी रामराम घातला तर ही आधी त्याचा कान बघणार, मग नाव घेणार. पुसेगावात आमचं घर विहाराशेजारी. माझे वडील तिथं शाळेत मास्तर. लहानपणी तिची मेंढरं खतासाठी आमच्या शेताच्या तुकड्यात बसायला यायची आणि जाता-येता ती माझा कान पिरगाळून विचारायची, "हे कोनाचं लेकरू?" मी ओरडायचे, "मास्तरचं!" मग म्हणायची, "मंग सोडते." हा आमचा खेळ. मला तो मुळीच आवडायचा नाही, हेही सांगून टाकते.

त्या दिवशी अशील गेल्यावर ती खाली फरशीवर घोंगडी टाकून बसली. खुर्चीत पाय लोंबकळतात आणि मुंग्या येतात, हे तिचं कारण. माझ्या कोटाकडं बघून म्हणाली, "तुजी घोंगडी लई पातळ हाय गं. आन उनाळ्यात काळं काहून घातलं?"

"माय, काम काय काढलं ते सांग."

"मी तिकडं गेल्यावरचा कागद करायचा."

मरण हा शब्द ती स्वतःच्या बाबतीत कधी वापरायची नाही. मेंढी मरायची, बोकड मरायचा, सरपंच मरायचा. ती स्वतः मात्र 'तिकडं' जाणार होती, जणू नरसीच्या पुढं कुठंतरी एखादं गाव आहे. मृत्युपत्र हा शब्द मी उच्चारला तेव्हा तिनं हातानं झटकून टाकला.

तिचं खरं दुखणं एका वाक्यात सांगण्यासारखं होतं आणि ते तिनं त्या पहिल्याच दिवशी सांगितलं. नवरा जाऊन जमाना झालेला. मुलं दोन. थोरला दत्ता, त्याचं कळमनुरीला खता-बियाण्याचं दुकान, चांगलं चाललेलं, संसार तिथंच. धाकटा केशव मेंढरं राखायचा. तो मोटारसायकलवरून पडून गेला. त्याच्या मागं मंदा, त्याची बायको. मूलबाळ नाही. माहेरी भावांचं राज्य. ती सासूपाशीच राहिली आणि मेंढरं, शेत, सासू तिन्ही तिनंच सांभाळलं. जमीन गिरजामायनं स्वतः मेंढरं विकून घेतलेली, सातबारा तिच्या एकटीच्या नावावर.

"मी गेल्यावर दत्ता मंदीला ऱ्हाऊ देईन का?" तिनं विचारलं आणि पहिल्यांदाच उत्तर दिलं नाही.

मी तिला कायदा सांगितला. सासूच्या स्वतःच्या जमिनीत, कागद न करता सासू गेली तर, मूल नसलेल्या विधवा सुनेला वाटा नाही. सगळं दत्ताचं. ऐकताना तिची मान हलत होती. सांगून झाल्यावर म्हणाली, "म्हंजी तुज्या कायद्यात मंदी न्हाईच?"

"तुझ्या मालमत्तेत नाही."

"आन माज्या घरात हाय." एवढं म्हणून तिनं चहाची बशी तोंडाला लावली.

आता सरळ साधं काम होतं. मंदाला अर्धी जमीन, दत्ताला अर्धी, दोन साक्षीदार, नोंदणी, संपलं. एका आठवड्याचं काम, मी म्हणाले. कपाळ माझं!

दुसऱ्या वेळी तिला दत्ता घेऊन आला. गाडीतून आणलं, हात धरून जिना चढवला, पाणी दिलं. माणूस वाईट नाही, हे मी तेव्हाच बघितलं. मी मसुदा वाचायला घेतला तर ही म्हणाली, "समदं मंदीच्या नावानं लिव."

दत्ताचा चेहरा उतरला. "माय, काय बोलून राहिली तू?"

"लिव गं."

तो माझ्याकडं बघून म्हणाला, "मॅडम, थोडं बाजूला ठेवा हे. तिला समजून सांगतो मी." आणि तिला परत गाडीत घालून घेऊन गेला.

तिसऱ्या वेळी मंदा घेऊन आली. नरसीहून येणाऱ्या बसनं, दोघी धुळीनं भरलेल्या. मी म्हटलं, सगळं मंदाच्या नावानं लिहायचं ना? तर गिरजामाय म्हणाली, "मंदीच्या? काहून? समदं दत्ताच्या नावानं लिव. पोरगं हाय माजं."

मी पेन खाली ठेवला. मंदा भिंतीला टेकून उभी होती. ती रडेल, भांडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "चालंल माय. पर दादाला सांगा, मेंढरं खाटकाला देऊ नका म्हनाव. गाभण हायेत चार-दोन." आणि पदरानं तोंड पुसून बसस्टँडवर किती वाजता गाडी आहे ते विचारायला गेली.

ती गेल्यावर मी गिरजामायवर उसळले. म्हटलं, "माय, मी काय खेळणं आहे का? एकदा इकडं, एकदा तिकडं. तुला नेमकं करायचंय काय?" ती माझ्याकडं अशी बघत राहिली की मला वाटलं, बाईला मी काय बोलतेय तेच पोचत नाही. मग म्हणाली, "तुज्या बापाला बी असाच राग यायचा."

पुढं एकदा मंदाच्या मोबाईलवरून तिचा फोन आला. "पोरी, तो कागद फाडून टाक." मी फाडला, तोपर्यंत मलाही त्या मसुद्याचा वीट आलेला. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडते तर ही पायरीवर बसलेली. "कागद झाला का?" मी म्हटलं, तूच फाडायला सांगितलंस की काल! ती म्हणाली, "मी? कवा?" डोळ्यांत काही नाही. खट्याळपणा नाही, खेद नाही, काही नाही. मी चक्रावले. माझ्या ज्युनिअरनं मागून डोक्याजवळ बोट फिरवून दाखवलं, त्याला मी डोळे वटारले; पण शंका मलाही आलेली होती. मग ती उठली, टोपलीतून कच्च्या हळदीचं लोणचं काढून माझ्या टेबलावर ठेवलं, कारण मला ते लहानपणी आवडायचं. हे तिच्या बरोबर लक्षात! आता सांगा, या बाईला विसराळू म्हणायचं की काय म्हणायचं?

शेवटी कागद झाला. एकटीच आली, सकाळच्या गाडीनं, आणि म्हणाली, "अर्दं-अर्दं. आज करून टाक, न्हाई तं मी पुन्ना येत न्हाई." जमिनीचं लिहून झालं. मी विचारलं, मेंढरांचं काय? ती कळपाची मालकीण, मेंढरांची किंमतही कमी नाही. ती म्हणाली, "मेंढरं लिवू नको."

"अगं, त्यावरूनच भांडणं होतात."

"मेंढरं मरतात, इतात, नवी कोकरं येतात. तुजा कागद तिथंच बसतो. मेंढरांचं मी बघते."

"कसं बघतेस?"

"बघते म्हनलं ना." विषय बंद.

अशा कामात मी डॉक्टरचा दाखला जोडते, की बाई शुद्धीवर आहे, तिला समजतंय. डॉक्टर ओळखीचे, तरुण. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" ती म्हणाली, "तुमाला ठाऊक न्हाई का?" ते हसले. "बरं, महिना कोणता?" तर ती म्हणाली, "डाक्टर असून मलाच इचारून राहिला." मग त्यांचा कान धरून बघितला आणि त्यांच्या आईचं माहेर कुठलं ते विचारलं. डॉक्टर इतके हसले की त्यांनी सही करून टाकली. जिन्यात आल्यावर मला एकदम सुचलं, की तिनं वारही सांगितला नाही आणि महिनाही. माहीत होता म्हणून सांगितला नाही की माहीत नव्हता म्हणून, देव जाणे.

नोंदणीच्या वेळी फोटो काढायचा होता. तिथला मुलगा म्हणाला, "आजी, कॅमेऱ्याकडं बघा." तिनं मान वळवून कान पुढं केला. "आजी, तोंड!" ती म्हणाली, "तोंड काय, बदलतंय." दोन-तीनदा असं झाल्यावर मंडळी हसायला लागली आणि मी लाजेनं अर्धी झाले.

त्यानंतर थंडीत ती गेली. झोपेतच. मी अंत्यविधीला गेले होते. दत्ता लेकरासारखा रडत होता आणि मंदा मेंढरांना पाणी दाखवायला गेलेली होती, कारण मेंढरं तहानलेली ओरडत होती.

तेरावं झालं आणि महिन्याभरातच दत्तानं तलाठ्याकडं फेरफाराला, म्हणजे सातबाऱ्यावर मंदाचं नाव लागायला, हरकत घेतली. म्हणणं एकच: कागद केला तेव्हा आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मला वाटलं होतंच असं होईल. पण तो स्वतः माझ्या ऑफिसात येईल असं वाटलं नव्हतं. आला आणि मोबाईल पुढं केला. त्यात कोकरांच्या कानांचे फोटो.

"बघा मॅडम. तुमीच सांगा, शाण्या बाईनं हे केलं आसतं का?"

मला कळेना. मग त्यानं समजावून सांगितलं.

त्यांच्या घरात रीत अशी, की मूल जन्माला आलं किंवा सून घरात आली की त्या-त्या माणसाच्या नावानं एक मादी कोकरू द्यायचं. त्याचा कान कातरून खूण करायची. पुढं त्या मेंढीला जी पिल्लं होतील त्यांना आईचीच खूण. अशी एकेकाची वेल वाढत जाते, कळप एकच पण मालकी ज्याची त्याला ठाऊक. दत्ताच्या मेंढरांचा उजवा कान शेंड्याला कातरलेला. केशवच्या मेंढरांचा डावा. लग्नानंतर मंदालाही तीच खूण. गिरजामायची स्वतःची मेंढरं ती बिनखुणेची, दोन्ही कान शाबूत. कातर कायम गिरजामायच्याच हातात. कान कातरायचा, हळद दाबायची आणि पिल्लू सोडायचं. आणि शेवटच्या हंगामात जन्मलेल्या कितीतरी कोकरांचे दोन्ही कान कातरलेले होते. उजवाही, डावाही.

"दोन कान कुनाचेच न्हाईत आमच्यात," दत्ता म्हणाला. "एक कातरला, इसरली, पुन्ना दुसरा कातरला. मायचं डोकं गेलंतं मॅडम. मला माजी मायच राहिली न्हवती शेवटाला. आन तुमी तिच्याकून अंगठा घेतला."

हे बोलताना त्याचा आवाज फाटला. आणि त्या क्षणी मला कळलं, हा माणूस जमिनीसाठी भांडतोय हे निम्मंच खरं. आई भ्रमिष्ट झाली होती असं ठरलं तर तिनं त्याला अर्धंच दिलं ते भ्रमात दिलं, मनापासून नव्हे, असं होत होतं. तेवढं त्याला हवं होतं.

पण माझं काय? माझा कागद त्या कानांवर उभा होता. कोकरं चुकून कातरली असतील तर माझी अशील वेडी, कागद रद्द, मंदा बाहेर. मी मंदाला फोन लावला. म्हटलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "व्हय ताई. मी इचारलं व्हतं मायला. तर म्हनल्या, तू तुजं काम बघ. मला बी वाटलं, माय चुकून राहिली. म्हून कुनाला सांगितलं न्हाई मी."

म्हणजे मंदानंही तेच समजून पदराआड घातलेलं. छान! आता कोर्टात मी कोणत्या तोंडानं उभी राहणार होते?

मला काही सुचेना, तेव्हा मी दत्ताला म्हटलं, चला, मला ती कोकरं प्रत्यक्ष बघायचीत. का म्हटलं, ते मलाही सांगता येणार नाही. फोटो बघून डोकं चालेना म्हणून.

दिवस मावळायच्या सुमाराला शेतावर पोचलो. मेंढ्या चरायला गेलेल्या, कोकरं मागं जाळीच्या कुंपणात. मी आत जाऊन दोन-चार कान बघितले. खरंच, दोन्ही कातरलेले, नीट, सारखे. दत्ता मागून म्हणाला, "पटलं ना?" मी पुढच्या कोकराचा कान धरला. पटल्यासारखंच झालं होतं.

तेवढ्यात मंदा कळप घेऊन आली. शेताच्या बांधावर मेंढ्यांचा आवाज आला आणि आतली कोकरं अशी ओरडायला लागली की आमचं बोलणंच ऐकू येईना. मंदानं कुंपण उघडलं. कोकरं सुटली. नुसता कल्ला. कोणी कुणाला विचारत नव्हतं, जो तो आपापल्या आईच्या कासेला जाऊन भिडत होता, आणि चुकीच्या मेंढीपाशी गेला तर ती लाथ मारत होती. मी आणि दत्ता बाजूला उभे राहून हसत ती गंमत बघत होतो. खरं तर मी लेंड्यांमधून बूट कुठं ठेवावा एवढाच विचार करत होते.

दत्ताचं हसू थांबलं ते माझ्या आधी.

तो दोन पावलं पुढं गेला. एका मेंढीचा कान धरून बघितला, मग दुसरीचा. मग तिसरीचा. मी म्हटलं, काय झालं? त्यानं दूध पिणारं एक दोन्ही कान कातरलेलं कोकरू उचललं, लांब नेलं आणि खाली सोडलं. ते ओरडत पुन्हा त्याच मेंढीकडं पळालं. मेंढीचे दोन्ही कान शाबूत.

मग मीही बघायला लागले. कोट सावरत, वाकून. उजव्या खुणेच्या मेंढीखाली उजव्या खुणेचं पिल्लू. डाव्या खुणेच्या मेंढीखाली डाव्याचं. आणि दोन्ही कान कातरलेली सगळी, एकूण एक, गिरजामायच्या स्वतःच्या मेंढ्यांखाली. दत्ताच्या वेलीत एक कान इकडचा तिकडं नव्हता. मंदाच्याही नाही. बाई चुकली असती तर कुठंतरी दुसरीकडंही चुकली असती की!

तिनं स्वतःच्या मेंढ्यांची पिल्लं दोघांच्या नावानं केली होती. अर्धी याला, अर्धी तिला अशी वाटून नव्हे. प्रत्येक कोकरू दोघांचं. एकाला विकायचं तर दुसऱ्याला विचारावं लागणार. मरेपर्यंत विचारत राहावं लागणार, आणि पुढं त्या कोकरांच्या पिल्लांसाठीही.

दत्ता तिथंच ढेकळावर बसला. पांढरी पँट, तिची त्याला शुद्ध नव्हती.

"म्हंजी मायला समजून राहिलं व्हतं," तो म्हणाला.

"असं दिसतंय," मी म्हटलं.

"समजून-उमजून दिलं मंदीला."

मला वाटलं, हा आता पुन्हा चिडणार. मंदा हातातली काठी टाकून जवळ आली. तिच्या तोंडावर जिंकल्याचं काही नव्हतं, उलट घाबरलीच होती बिचारी. म्हणाली, "दादा, तुमाला बी दिलं ना. मायनं तुमाला सोडलं न्हाई. बांधून ठेवलं तुमाला आमच्याशी."

दत्तानं कोपरानं डोळे पुसले. मग एकदम म्हणाला, "चहा कर." मंदानं तीन दगडांवर भांडं ठेवलं. आम्ही तिघांनी चहा घेतला. मेंढीच्या दुधाचा होता, मला तो झेपत नाही, पण घेतला. त्यानंतर काही दिवसांनी त्यानं हरकत मागं घेतली. आता म्हणे बाजाराच्या दिवशी तो दुकान बंद करून पुसेगावला येतो आणि कोणतं कोकरू विकायचं यावरून दोघं कडाकडा भांडतात. मंदा फोनवर तक्रार करते. ऐकायला बरं वाटतं.

म्हणजे प्रश्न सुटला. माझा कागद टिकला, गिरजामाय शहाणी ठरली, गावातही आता तिच्या हुशारीच्या गोष्टी सांगतात. मीही मान हलवते.

पण मला तो नोंदणीचा दिवस आठवतो. फोटो झाला, अंगठे झाले. मी तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेले. ऊन होतं. तिनं घोंगडी खांद्यावर टाकली, दोन पावलं चालली आणि उलट्याच दिशेला वळली. मी म्हटलं, "माय, स्टँड इकडं." ती थांबली, परत आली आणि तिनं माझा कान धरला. पाळी चाचपली. पुढून बघितली, मागून बघितली. बराच वेळ बघितली. तिच्या कपाळावर आठी होती.

"हे कोनाचं लेकरू?" तिनं विचारलं.

मी हसणार होते. पण ती हसत नव्हती. वाट बघत होती.

"मास्तरचं," मी म्हटलं.

तिच्या कपाळावरची आठी गेली. "मंग सोडते," ती म्हणाली आणि मी दाखवलेल्या वाटेनं, काठी टेकत, निघून गेली.

तो आमचा जुना खेळ होता, का तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं? हे मी दत्ताला विचारू शकत नाही आणि मंदालाही नाही. जिला विचारायचं ती तिकडं गेली.